पुस्तक संपले, मुलाला काय आले?

सोलापूरहून आग्नेयेकडे निघालेली गाडी पंधराएक किलोमीटरवर होटगी जंक्शनला पोहोचते. मुंबईकडून आलेला लोहमार्ग इथून कलबुर्गी, वाडीकडे जातो आणि एक फाटा विजयपुरा, बागलकोटमार्गे गदगला निघतो. आजूबाजूला ज्वारीचे काळे रान आहे, तलाव आहे, फताटेवाडी-आहेरवाडीच्या बाजूला औष्णिक वीजप्रकल्प आहे आणि लोकांच्या बोलण्यात मराठीइतकीच कन्नडही आहे. पहिली ते आठवी या आठ वर्षांत मुलाला काय काय यायला हवे, याची एक सरकारी यादी आहे. त्या यादीतल्या कितीतरी गोष्टी एवढ्या एका परिसरात शिकता येतात आणि मुलाला त्या आल्या की नाही, हेही इथेच पाहता येते. शाळेच्या भाषेत या यादीला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. शिक्षकांच्या तोंडी हा शब्द रोज असतो, पालकांपर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचतो.

यादी आली कुठून?

आपल्याकडे शिकवण्याचा हिशेब बराच काळ धड्यांनी व्हायचा. दिवाळीपर्यंत इतके धडे, वार्षिक परीक्षेपर्यंत सगळे पुस्तक. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा हिशेब बदलायचा पहिला मोठा प्रयत्न झाला. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1990च्या दशकाच्या आरंभी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांतल्या ‘किमान अध्ययन क्षमता’ ठरवून दिल्या. पुढे महाराष्ट्रातला प्राथमिक अभ्यासक्रमही क्षमताधिष्ठित झाला. त्या काळात शिकवलेल्या गुरुजींना क्षमतांचे क्रमांक आणि तक्ते अजून आठवतात.

1 एप्रिल 2010 रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मूल शाळेत येणे हा त्याचा हक्क ठरला. पण शाळेत येऊन त्याला काय येते, हा प्रश्न उरला. म्हणून फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती केली आणि इयत्तावार, विषयवार अध्ययन निष्पत्ती नियमांच्या चौकटीत आणल्या. त्याच वर्षी एनसीईआरटीने पहिली ते आठवीची सविस्तर यादी प्रसिद्ध केली. महाराष्ट्राने ती मराठीत आणून आपल्या अभ्यासक्रमाशी जोडली. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत सुरुवातीलाच तिचा तक्ता असतो आणि त्यात 03.71.01 असे आकडे दिसतात. हे आकडे वाचायला सोपे आहेत : पहिला इयत्तेचा, मधला विषयाचा, शेवटचा अनुक्रमांक. 71 म्हणजे गणित, 72 म्हणजे विज्ञान.

या यादीचा कणा तिच्या क्रियापदांत आहे. ‘मुलाला अपूर्णांकांची माहिती व्हावी’ अशी वाक्ये तिच्यात सहसा सापडत नाहीत. ‘मूल कागदाची घडी घालून अर्धा, पाव, पाऊण भाग दाखवते’ अशा धाटणीची सापडतात. माहिती झाली की नाही हे बाहेरून दिसत नाही, दाखवता आले की नाही हे दिसते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची चढती मांडणी केली : आठवणे, समजणे, वापरणे आणि त्यापुढे पृथक्करण व मूल्यमापन. जगभरच्या अशा याद्यांवर तिचा ठसा आहे. मूल ज्ञान वापरू लागले, तरच ते आले असे धरायचे, हा त्यामागचा विचार.

वाचन : साठ शब्दांचा अर्थ

सगळ्या विषयांचे दार वाचनातून उघडते. म्हणून 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंतची लक्ष्ये अगदी मोजून दिली. पहिलीच्या आधीच्या बालवाटिकेतल्या मुलाने दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत. पहिलीतल्याने चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये वाचावीत. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीत किमान 60 शब्द, दोन्ही ठिकाणी अर्थ समजून. 2026-27 पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाने इथवर पोहोचावे, असे उद्दिष्ट आहे.

वेग कशासाठी, असे कुणालाही वाटेल. कारण डोक्याच्या कामात आहे. मूल ‘त-ला-वा-व-र’ असे एकेक अक्षर जुळवत गेले, तर वाक्याच्या शेवटी येईपर्यंत आरंभ विसरलेला असतो. अक्षरे ओळखण्यातच सगळे लक्ष खर्च होते आणि अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. शब्द नजरेत भरू लागला की लक्ष मोकळे होते. वेग हे इथे लक्षण आहे. खरे लक्ष्य अर्थ आहे. घड्याळ लावून पोपटासारखे वाचून घेतले, तर लक्षण मिळेल आणि लक्ष्य हुकेल.

आणखी एक गोष्ट मराठी घरांनी लक्षात घ्यावी. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत तीन-चार शब्दांत मांडावे लागते ते आपण ‘शाळेसमोरच्यांनी’ एवढ्या एका शब्दात सांगतो. म्हणून दोन भाषांतले साठ शब्द सारखे नसतात. मार्च 2022 मध्ये तिसरीच्या मुलांसाठी देशभर झालेला पायाभूत अध्ययन अभ्यास वीस भाषांत घेतला गेला आणि त्यात वाचनाचे निकष भाषेनुसार वेगळे ठरवले गेले, ते याचसाठी. इंग्रजी माध्यमातल्या शेजाऱ्याच्या मुलाशी आपल्या मुलाचे ‘मिनिटाला किती’ ताडून पाहण्यात काही हशील नाही. मुलाने कधी न पाहिलेला एक परिच्छेद द्यावा आणि वाचून झाल्यावर ‘यात काय झाले?’ एवढेच विचारावे. परीक्षा तिथेच होते.

गणित : रुळांमधले अंतर

गणितात तिसरीच्या मुलाने तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी व्यवहारातल्या उदाहरणांत करावी, 2, 3, 4, 5 आणि 10 चे पाढे स्वतः तयार करून वापरावेत, समान वाटणीतून भागाकाराचा अर्थ सांगावा आणि छोटे बिल तयार करावे, असे यादी सांगते. पाढे ‘तयार करावेत’ हे महत्त्वाचे. चार-चार शेंगांचे ढीग लावून चारचा पाढा बनवणाऱ्या मुलाला मधली एक ओळ विसरली तरी ती पुन्हा काढता येते. नुसते पाठ केलेल्याची गाडी तिथेच अडते.

घड्याळाचा क्रमही असाच ठरलेला आहे. तिसरीत पूर्ण तास वाचता यावेत. चौथीत तास-मिनिटे यावीत, बारा तासांच्या घड्याळाची चोवीस तासांशी सांगड घालता यावी आणि दोन वेळांमधला अवधी काढता यावा. जंक्शनच्या गावाला यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. रेल्वेचे वेळापत्रक चोवीस तासांच्या घड्याळावरच चालते. 17.40 म्हणजे संध्याकाळचे किती, अमुक गाडी तमुक ठिकाणी पोहोचायला किती वेळ घेते, आणि रात्री 23.50 ला निघालेली गाडी 00.35 ला आली तर किती मिनिटे झाली? यातल्या शेवटच्या प्रश्नाला मोठी माणसेही क्षणभर थबकतात.

होटगीपाशी मोजमापाचा एक धडा इतिहासातही दडलेला आहे. मुंबईकडचा लोहमार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर 1676 मिलिमीटर. गदगचा फाटा मात्र पूर्वी मीटरगेज होता, 1000 मिलिमीटरचा. त्यामुळे एका मार्गावरची गाडी दुसऱ्यावर जाऊच शकत नसे. माणसांना आणि मालाला इथे गाडी बदलावी लागे. टप्प्याटप्प्याने रुंदीकरण होऊन 2000 नंतरच्या दशकात तो मार्ग संपूर्ण ब्रॉडगेज झाला. शाळेच्या पटांगणात खडूने दोन जोड्या रेषा आखायच्या, एका जोडीत एक मीटर आणि दुसरीत 1 मीटर 67 सेंटिमीटर 6 मिलिमीटर अंतर ठेवायचे. आधी मुलांनी पावलांनी आणि वितींनी अंदाज बांधायचा, मग टेप लावायची, मग फरक काढायचा. चौथीच्या यादीतले अंदाज करणे आणि मीटरचे सेंटिमीटरमध्ये रूपांतर करणे यात आलेच. रुळांजवळ कुणाला नेण्याची गरज नाही.

परिसर अभ्यास : सगळे विषय एकत्र येतात

हाच मीटरगेजचा धागा गणितातून परिसर अभ्यासात जातो. आजी-आजोबांच्या काळातल्या आणि आजच्या वस्तू व कामे यांतला फरक सांगता यावा, ही तिसरीच्या परिसर अभ्यासातली एक निष्पत्ती आहे. विजापूरला, म्हणजे आताच्या विजयपुराला, जायला पूर्वी गाडी कशी बदलावी लागे, सामान कोण उचलायचे, वेळ किती जायचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणले, की मुलाने मुलाखत घेतली, टिपण केले, काळाचा क्रम लावला आणि भाषेचेही काम केले. एकाच कामात दोन-तीन विषय सरकतात. यादी विषयवार असली, तरी मूल विषयवार जगत नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफण्याची कल्पना मांडली. तीच नई तालीम. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा बिया, पाने, खडे, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य झाले. अलीकडच्या काळात सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीचा असाच धडा राज्यापुढे ठेवला.

होटगीत हे कसे दिसेल? पाने, खोड, साल यांची दिसणारी वैशिष्ट्ये ओळखणे आणि पक्षी-प्राण्यांचे साम्य-भेदांवरून गट करणे, या तिसरीच्या निष्पत्ती आहेत. त्यासाठी तलाव आहे. हिवाळ्यात सोलापूरच्या आसपासच्या तलावांवर बाहेरचे पक्षी येतात. चोच कशी, पाय किती लांब, पाण्यात उभा राहतो की पोहतो, एवढ्यावरून मुले गट पाडू शकतात. नावे नंतर शिकवता येतात. रोज ठरावीक वेळी मोजून रेघांच्या खुणांनी तक्ता भरला, की गणितातले ‘माहितीची नोंद’ हेही होऊन जाते.

चौथीची एक निष्पत्ती सांगते की अन्न, पाणी, कापड अशा रोजच्या गरजेच्या वस्तू मूळ ठिकाणाहून घरापर्यंत कशा येतात, हे मुलाने सांगावे. इथे ज्वारी आहे. पेरणी परतीच्या पावसानंतर, ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत. काढणी उन्हाळ्याच्या तोंडाशी. मग मळणी, दळण, भाकरी आणि उरलीच तर कडक भाकरी. कडब्याचे काय होते, हे विचारले की गुरांचा चारा येतो आणि पाचवीतली ‘माणूस, प्राणी, वनस्पती यांचे परस्परावलंबन’ ही निष्पत्ती दाराशी येऊन उभी राहते. विजेचीही साखळी अशीच लावता येईल. एनटीपीसीच्या इथल्या प्रकल्पात 660 मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण 1320 मेगावॅट. कोळसा रेल्वेने येतो, पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून येते. कोळसा, पाणी, वाफ, चक्र, तारा आणि मग घरातला दिवा. हा क्रम ज्या मुलाला कागदावर बाणांनी काढता येतो, त्याला धडा आला.

घरात कुणी कोणती कामे करायची, कुणाच्या ताटात काय आणि केव्हा पडते, यावर मुलाने मत मांडावे, हेही परिसर अभ्यासाच्या यादीत आहे. बहिणीने भांडी घासायची आणि भावाने खेळायचे, हे बरोबर का, असा प्रश्न मुलाने घरी विचारला तर तो उद्धटपणा समजू नये. शाळेने त्याला तेवढे शिकवले, असे समजावे.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट हे कर्नाटकच्या सीमेलगतचे तालुके. अनेक घरांत कन्नड बोलली जाते. जिल्ह्यात मराठीबरोबर कन्नड आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत, आणि सोलापूर शहरात विणकर पद्मशाली समाजामुळे तेलुगूही. बालभारती या सगळ्या भाषांत पुस्तके छापते. माध्यम बदलले तरी परिसर अभ्यासात किंवा गणितात मुलाला काय यावे, ते तेच राहते. तलावावरच्या पक्ष्यांचे गट मुलाने कन्नडमध्ये पाडले, तरी निष्पत्ती पूर्ण झाली.

पहिलीच्या भाषेच्या यादीत तर स्पष्टच आहे की मूल आपली भाषा किंवा शाळेची भाषा किंवा दोन्ही वापरून गप्पा मारते, गोष्ट सांगते. म्हणजे वर्गात कन्नड शब्द आला, म्हणून मुलाला गप्प बसवणे हे यादीच्याच विरुद्ध आहे. शिक्षण हक्क कायद्याचे 29 वे कलमही शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण द्यायला सांगते.

गणितात तर घरची कन्नड कामालाच येते. मराठीत 29 ला आपण एकोणतीस म्हणतो, म्हणजे तिसाला एक कमी. लिहिताना मात्र आधी दोन. कन्नडमधले ‘इप्पत्तोंबत्तु’ सरळ वीस आणि नऊ असे जाते. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन पर्याय म्हणून आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ते मुलांच्या सोयीसाठी असल्याचे सांगितले. होटगीतल्या कन्नड घरातल्या मुलाला ही सोय आईच्या बोलण्यातूनच मिळालेली असते. शिक्षकांनी तिचा उपयोग करून घ्यावा.

सहावी ते आठवी

वरच्या इयत्तांत क्रियापदे जड होतात : कारण सांगणे, तुलना करणे, आलेख काढून वाचणे. सहावीच्या नागरिकशास्त्रात आरोग्य व शिक्षण या क्षेत्रांत स्थानिक शासन संस्था काय काम करतात, हे वर्णन करता यावे लागते. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांची उदाहरणे गावातच आहेत. सातवीच्या विज्ञानात वेग काढता यावा आणि अंतर-काल आलेख काढून वाचता यावा. वेळापत्रकातले अंतर आणि वेळ घेऊन दोन गाड्यांचे सरासरी वेग काढले, आलेख काढला आणि जास्त थांबे घेणाऱ्या गाडीची रेघ कमी चढती का, हे सांगितले, की चौथीतल्या घड्याळाचे बीज सातवीत फळाला आले म्हणायचे.

मोजतात कसे आणि चुकते कुठे?

महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचा वाटा पहिली-दुसरीत 70 टक्के, तिसरी-चौथीत 60, पाचवी-सहावीत 50 आणि सातवी-आठवीत 40 टक्के. उरलेला संकलित चाचणीचा. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय अशी साधने दिलेली आहेत. देशपातळीवर 13 नोव्हेंबर 2017 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने तिसरी, पाचवी, आठवीच्या मुलांची तपासणी याच निष्पत्तींवर केली; 4 डिसेंबर 2024 च्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी, नववी होत्या. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल 2005 पासून खेड्यांत घरोघर जाऊन मुलांकडून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचून घेतो. तो वाचता न येणारी पाचवीची मुलेही मोठ्या संख्येने आहेत, हे त्याने पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

इथेच यादीची खरी अडचण कळते. पाचवीच्या वर्गात पाचवीच्या निष्पत्तीची नोंद भरायची असते, पण समोरचे मूल वाचनात दुसरीत असते. छोट्या शाळेत दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. त्यात नोंदी, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे. मग निष्पत्तीचा क्रमांक वहीत चढतो आणि मुलाकडे पाहणे राहून जाते. मोजपट्ट्याही नेहमी जुळत नाहीत : 2017 च्या यादीत तिसरीसाठी 999 पर्यंतच्या संख्या आहेत, ‘निपुण’मध्ये 9999 पर्यंतच्या. यावर उपाय साधा आहे, सोपा नाही. आधी मूल कुठे उभे आहे ते पाहायचे, वाचनासाठी आणि गणितासाठी रोज काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे आणि मागची पायरी भरून काढल्यावरच पुढची मागायची. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. पाचवीच्या परीक्षेत कळलेली दुसरीची उणीव तीन वर्षे उशिरा कळलेली असते.

पालकांनी काय करावे?

शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया. बैठकीत खोल्या, रंग, पोषण आहार यांवर बोलणे होते, ते व्हायलाच हवे. त्यासोबत एक विषय कायमचा ठेवा : प्रत्येक इयत्तेतल्या किती मुलांना अनोळखी उतारा समजून वाचता येतो आणि किती मुलांना त्यांच्या इयत्तेचे व्यवहारातले उदाहरण सोडवता येते? ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात काय करणार? हा प्रश्न शिक्षकाला कोंडीत पकडण्यासाठी विचारू नका. वर्गाबाहेरच्या कामांतून त्याचा कोणता वेळ वाचवता येईल, हेही त्याच बैठकीत विचारा.

घरी तर याहून सोपे आहे. दुकानातून आणलेल्या सामानाचा हिशेब मुलाकडे द्या, गाडीची वेळ त्याला वाचू द्या, रात्री एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि त्यात काय होते ते त्याच्या शब्दांत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, ऐका. मुलाच्या पुस्तकाच्या सुरुवातीला निष्पत्तींचा तक्ता असेल, तर तो आजच उघडा. तिथल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हे करून दाखव’ एवढे म्हटले, की आपल्या मुलाला काय येते हे कळायला प्रगतिपुस्तकाची वाट पाहावी लागणार नाही.